नवे ब्रेक पॅड टाकूनही ब्रेक कच्चा का राहतो? डिस्क साफ करण्यापासून पॅड सेट करण्यापर्यंत

पॅड नवे, डिस्क चकचकीत, ब्रेक ऑइलही बदललेलं. तरी गाडी थांबताना ची-ची ओरडते, नाहीतर लिव्हर पहिल्यापेक्षा जास्त जोर लावून दाबावा लागतो. गॅरेजला परत गेलं की उत्तर ठरलेलं असतं, "भाऊ, दोन-चार दिवस चालवा, आपोआप बसतेत." कधी बसतातही. पण त्याच दोन-चार दिवसांत मागे बायको-लेकरू आणि टाकीवर पिशवी घेऊन माणूस मांजरसुंब्याचा घाट उतरतो, किंवा कन्नडहून औट्रम घाटाने चाळीसगावकडे निघतो, आणि नेमक्या तिथे ब्रेक दगा देतो.

पॅड बसवणं आणि पॅड सेट करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं गॅरेजमध्ये किंवा अंगणात होतं, दुसरं रस्त्यावर. आपल्याकडे दुसरं काम बहुतेक वेळा होतच नाही, आणि पहिलं चुकीच्या क्रमाने होतं. हा लेख मुख्यतः पुढे डिस्क ब्रेक असलेल्या मोटारसायकलसाठी आहे. चारचाकीत जे वेगळं करावं लागतं ते शेवटी दिलं आहे.

आधी एवढं समजून घ्या

पॅड डिस्कवर नुसता घासून गाडी थांबवत नाही. तापल्यावर पॅडच्या मसाल्याचा (पत्र्यावर चिकटवलेल्या घासणाऱ्या भागाचा) अगदी पातळ थर डिस्कवर चढतो आणि मग पॅड त्या थराला धरतो. थर सगळीकडे सारखा असेल तर ब्रेक ठाम आणि गुळगुळीत लागतो. हा थर सारखा चढवणं म्हणजेच पॅड सेट करणं. डिस्कवर तेल, चिखलाची पापडी किंवा जुन्या पॅडचा थर असेल, तर नवा थर कुठे चढतो, कुठे चढत नाही. थरथर आणि आवाज बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

दुसरी गोष्ट, बहुतेक नव्या पॅडमधला मसाला राळेने बांधलेला असतो. पहिल्यांदा चांगला तापला की त्यातून थोडा वायू सुटतो आणि तेवढ्या वेळापुरती पकड कमी होते. हे मोकळ्या रस्त्यावर, तुमच्या हिशोबाने व्हायला हवं. उतारावर पुढे उसाची ट्रॉली असताना नको.

तयारी

सामान आधी एका जागी काढून ठेवा. काम अर्ध्यावर सोडून तेलकट हाताने डबे-ड्रॉवर उचकले की तेच हात डिस्कला लागतात.

- गाडीच्याच मॉडेलचे पॅड. पुडक्यावरचा नंबर जुन्या पॅडशी ताडून पाहा आणि आकार एकमेकांवर ठेवून जुळवा.
- ब्रेक क्लीनरचा स्प्रे. तालुक्याला मिळाला नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. मोबाइल दुरुस्तीवाले ते वापरतात, 'आयपीए' म्हटलं की त्यांना कळतं.
- १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर आणि तो गुंडाळायला लाकडाचा सपाट ठोकळा.
- भांड्याचा साबण, जुना टूथब्रश, बादलीभर पाणी.
- धुतलेलं पांढरं सुती कापड, भरपूर. पांढरंच घ्या, कारण तेच तुमचं मोजमाप आहे.
- ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, अगदी थोडं.
- योग्य मापाचे पाने आणि अ‍ॅलन की. बोल्टचं डोकं गोल झालं की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.
- बंद डब्यातलं ब्रेक ऑइल. डॉट ३ की डॉट ४ (ऑइलचा प्रकार) ते मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे हँडलवरच्या ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच घ्या.

हातमोजे असतील तर उत्तम. नसतील तर साबणाने धुतलेले दोन हात आणि एक नियम: डिस्कचा घासणारा भाग आणि पॅडचा मसाला, यांना बोट लावायचं नाही.

> सावधान: ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या पॅड-लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. धूळ ओली करा आणि पुसून काढा. बरेच ब्रेक क्लीनर पेटतात, त्यामुळे जवळ विडी-सिगारेट नको आणि वेल्डिंगचं काम तर अजिबात नको. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने त्यातून विषारी वायू तयार होतो.

चेनला स्प्रे मारायचा असेल, वॉशिंग करायचं असेल, तर ते आदल्या दिवशी उरका. पॅड बदलून झाल्यावर चेनला स्प्रे मारणं ही मागची डिस्क तेलकट करण्याची सगळ्यात सोपी रीत आहे. मारायचाच झाला तर डिस्क आणि कॅलिपरवर (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागावर) प्लास्टिकची पिशवी बांधून मगच मारा.

टप्पा १: खोलण्याआधी तपासा

डिस्क थंड असताना नीट बघा. तिच्यावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, बहुधा बोल्टांच्या आसपास. वाळलेली काळी माती त्यावर बसलेली असते, ती पुसल्याशिवाय तो दिसत नाही.

जाडी व्हर्नियरने (जाडी मोजायच्या जबड्याच्या मापपट्टीने) मोजताना एक गफलत हमखास होते. डिस्कच्या बाहेरच्या कडेला पॅड पोहोचत नाही, त्यामुळे तिथे न झिजलेला काठ राहतो. व्हर्नियर त्या काठावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. यावर उपाय असा: दोन सारखी नाणी घ्या आणि एकावर एक ठेवून त्यांची जाडी मोजा. मग डिस्कच्या दोन्ही बाजूंना, घासणाऱ्या भागावर एकेक नाणं धरून तिन्हीची मिळून जाडी मोजा आणि नाण्यांची वजा करा. उरलेला आकडा कोरलेल्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी असेल तर साफसफाईत वेळ घालवू नका, डिस्क बदला.

नख आडवं फिरवून बघा. बारीक रेघा चालतात. नख अडकेल अशी खोल चर, छिद्रापासून कडेकडे गेलेली चीर किंवा मोठे निळे-जांभळे पट्टे दिसले तर गाडी जाणकार मिस्त्रीला दाखवा.

डिस्क वाकडी आहे का हेही इथेच कळतं. पुढचं चाक उचलून एक काडी काट्याला अशी बांधा की तिचं टोक डिस्कच्या अगदी जवळ येईल, आणि चाक हळू फिरवा. फट कमी-जास्त होताना डोळ्याला दिसली तर वाकडेपणा आहे. फट सारखी आणि तरी ब्रेक दाबल्यावर थरथर, तर बहुधा डिस्कवरचा थर असमान आहे. तो पुढच्या टप्प्यांत निघू शकतो. "डिस्क वाकली" म्हणून बदललेल्या कितीतरी डिस्क नुसत्या साफ करून चालल्या असत्या.

टप्पा २: कॅलिपर काढा, जुने पॅड बाहेर घ्या

पॅड धरून ठेवणारी पिन कॅलिपर गाडीवर असतानाच थोडी सैल करा. कॅलिपर हातात आल्यावर ती सुटत नाही. मग कॅलिपरचे बोल्ट काढा आणि कॅलिपर डिस्कवरून सरळ ओढून घ्या. तो पाइपवर लोंबकळत सोडू नका, तारेने किंवा दोरीने काट्याला बांधा. एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) गाडी असेल तर सेन्सरची वायर ताणली जात नाही ना, हे बघा.

पॅड काढण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढा. पाठीमागची स्प्रिंग-क्लिप कोणत्या तोंडाने बसली होती, हा वाद नंतर होतोच.

जुन्या पॅडकडे नीट बघा, ते बरंच सांगतात. एक पॅड संपला आणि दुसरा अर्धा शिल्लक असेल तर बहुधा कॅलिपरच्या सरकपिना (ज्यांवर कॅलिपर आडवा सरकतो) जाम आहेत. पॅड तिरका झिजला असेल तर कॅलिपर नीट सरकत नाही. पॅड काचेसारखा चमकत असेल तर तो जळलेला आहे. काळा, ओलसर, तेलकट वास असेल तर तेल कुठून आलं ते शोधल्याशिवाय नवे पॅड टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

> सावधान: पॅड बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका. कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) बाहेर येतो. लहान मुलं आसपास असतील तर लिव्हर आणि मूठ यांच्यात लाकडाचा तुकडा घालून ठेवा.

टप्पा ३: पिस्टन आधी साफ, मग आत

पाच मिनिटं वाचवण्यासाठी ही पायरी गाळली जाते आणि कॅलिपर जाम होण्याचं मूळ इथे असतं. पॅड झिजत जातो तसा पिस्टन बाहेर येत जातो आणि त्याच्या उघड्या भागावर ब्रेकची धूळ आणि माती बसते. पावसाळ्यात पाणंद रस्त्याने शेतात जाणाऱ्या गाडीवर तर वाळलेल्या काळ्या मातीचा कडक थर असतो. तसाच पिस्टन आत ढकलला की ती घाण रबरी सीलवर घासते. मग पिस्टन अर्धवट मागे येतो, पॅड डिस्कला चिकटून राहतो, डिस्क विनाकारण तापते आणि अ‍ॅव्हरेजही पडतं.

साबणाचं पाणी आणि टूथब्रश घेऊन पिस्टनचा बाहेरचा भाग चहूबाजूंनी घासा. आतल्या बाजूला ब्रश पोहोचत नसेल तर पाण्यात भिजवलेली कापडाची पट्टी पिस्टनभोवती घालून दोन्ही टोकांनी ओढत फिरवा. पुसा, कोरडा करा. पेट्रोल, डिझेल, रॉकेल लावू नका, सील फुगतात.

आता मास्टर सिलिंडरचं झाकण उघडा आणि आजूबाजूला ओलं कापड गुंडाळा. पिस्टन आत जाताना ऑइल वर चढतं. काठोकाठ भरलेलं असेल तर ते टाकीवर सांडतं आणि ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नुसतं पुसून भागत नाही. ऑइल जास्त होत असेल तर सिरिंजने थोडं काढून घ्या.

पिस्टन बोटांच्या जोराने, सरळ, हळूहळू आत दाबा. हाताने जात नसेल तर जुना पॅड मध्ये ठेवून त्यावर दाब द्या. स्क्रू ड्रायव्हरने तिरका रेटू नका. दोन पिस्टन असतील तर एक आत जाताना दुसरा बाहेर येतो, दोन्ही धरून दाबा. खूपच घट्ट असेल तर तो कॅलिपर खोलून सील बदलण्याच्या लायकीचा झाला आहे.

सरकपिना बाहेर काढा, जुनं काळं ग्रीस पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. चेसिसचं पिवळं ग्रीस इथे नको, त्याने पिनांवरची रबरं फुगतात.

टप्पा ४: डिस्क साफ करणं

इथे घाई करू नका. तीन पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम बदलायचा नाही.

*धुणं.* भांड्याचा साबण आणि ब्रश घेऊन डिस्क दोन्ही बाजूंनी धुवा. छिद्रांमध्ये अडकलेली माती काडीने काढा. ती तशीच राहिली तर पुढे पॅडखाली येऊन रेघा ओढते. पाण्याने धुऊन कापडाने कोरडी करा.

*घासणं.* पॉलिश पेपर ठोकळ्याला गुंडाळा आणि डिस्कवर छोटे छोटे गोल फिरवत जा. एकाच जागी जोर देऊ नका, फिरण्याच्या दिशेने लांब रेघाही मारू नका. तीनेक इंचांचा भाग झाला की चाक थोडं पुढे फिरवा. दोन्ही बाजू सारख्याच घासायच्या. थांबायचं कधी? डिस्क उजेडाकडे तिरकी धरून बघा. सुरुवातीला तिच्यावर आरशासारखी चमक असते आणि मध्ये मध्ये गडद, जवळपास निळसर डाग. चमक जाऊन सगळीकडे सारखा फिका राखाडी रंग आणि सगळ्या दिशांनी जाणाऱ्या बारीक रेघा दिसल्या की झालं. आपल्याला धातू कमी करायचा नाही, जुना थर काढायचा आहे.

ग्राइंडर, फ्लॅप व्हील, ड्रिलला लावलेला ब्रश यातलं काही वापरू नका. एका मिनिटात डिस्कवर खड्डे पडतात. डिस्क अगदी नवी कोरी असेल तर घासण्याची गरज नाही, पण तिच्यावर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते काढावंच लागतं.

*पुसणं.* पांढऱ्या कापडावर ब्रेक क्लीनर मारा आणि डिस्क आतून बाहेर पुसा. पहिल्या घडीवर काळपट डाग येईल. घडी बदला, पुन्हा क्लीनर, पुन्हा पुसा. कापड काळ्याचं राखाडी, राखाडीचं पांढरं होईपर्यंत हे करत राहा. मागच्या बाजूला हात नीट पोहोचत नाही म्हणून ती अर्धवट सुटते. चाक फिरवून तीही तेवढीच पुसा. क्लीनर टायरवर, रंगावर, रबरी भागांवर उडू देऊ नका. पाच मिनिटं वाळू द्या.

> तपासणी: नवं कोरडं पांढरं कापड डिस्कच्या दोन्ही बाजूंवरून एक पूर्ण फेरा फिरवा. कापडावर काहीही उमटलं तर पुसणं झालेलं नाही.

पेट्रोलने पुसलं तर काय बिघडलं, असं बरेच जण विचारतात. पेट्रोलने ढोबळ ग्रीस निघतं, पण मागे पातळ थर राहतो. डिझेल आणि रॉकेल तर सरळ तेलकट आहेत. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे हा वंगणाचा आहे, तो डिस्कवर मारणं म्हणजे ब्रेकला तेल देणं. हँड सॅनिटायझरमध्ये हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घालतात, तेही नको.

टप्पा ५: नवे पॅड बसवणं

पाकीट आत्ता फोडा, आधी नाही. पॅड कडेने किंवा मागच्या लोखंडी पत्र्याला धरून उचला.

पॅडच्या मागच्या पत्र्यावर, फक्त पिस्टन टेकतो तिथे आणि पत्र्याची टोकं कॅलिपरमध्ये सरकतात तिथे, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर. बोटाने लावून बोटानेच बहुतेक पुसून टाकावा इतका पातळ. आवाज कमी व्हावा म्हणून लोक इथे भरपूर ग्रीस भरतात, ते तापल्यावर वाहतं आणि मसाल्यावर येतं.

स्प्रिंग-क्लिप फोटोप्रमाणे बसवा. जुनी वाकली असेल किंवा ढिली असेल तर नवी घ्या. ती काढून फेकण्याची काही ठिकाणी सवय आहे, आणि मग महिनाभर खडखड आवाज कुठून येतो ते शोधत बसतात. पिन घालताना पॅडच्या भोकातून खरंच गेली आहे ना, हे डोळ्याने बघा. कॅलिपर डिस्कवर सरळ बसवा, बोल्ट आधी हाताने फिरवा आणि मग मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा. टॉर्क रेंच नसेल तर ज्या गॅरेजमध्ये आहे तिथून हे दोन बोल्ट आवळून घ्या. पान्याला पाइप लावून दाबणं नको, अ‍ॅल्युमिनियमचे आटे निघतात.

मास्टर सिलिंडरचं ऑइल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये आणा. ऑइल चहासारखं काळपट झालं असेल तर याच वेळी बदला. डॉट ४ नवं असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं. हवेतला ओलावा शोषून शोषून हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून अर्धवट वापरलेली, मागच्या वर्षीची बाटली वापरायची नाही.

> गाडी हलवण्याआधीची तपासणी. ही चुकवू नका. पिस्टन आत ढकललेले आहेत, त्यामुळे पहिल्यांदा लिव्हर थेट मुठीला टेकेल. उभ्या गाडीवर लिव्हर पुन्हा पुन्हा दाबा, तो कडक होईपर्यंत. मग गाडी हाताने ढकलून ब्रेक दाबून बघा. ऑइलची पातळी पुन्हा बघा, झाकण लावा. लिव्हर स्पंजासारखा दबत असेल तर पाइपमध्ये हवा आहे. ती काढल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही.

पॅड बदलून गेटबाहेर पडताना पहिल्याच वळणावर भिंतीला धडकलेल्या गाड्या बहुतेक वेळा लिव्हर कडक न करता निघालेल्या असतात.

टप्पा ६: पॅड सेट करणं

जागा आणि वेळ नीट निवडा. तीन-चार किलोमीटरचा सरळ, सपाट, मोकळा डांबरी रस्ता हवा. पहाटे उजाडल्यावर सगळ्यात चांगलं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी हे करू नका, दोन ब्रेकच्या मध्ये डिस्क निवतच नाही. सुगीत रस्त्यावर सोयाबीन किंवा मका वाळत घातलेला असतो, त्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरलंच. उसाचा हंगाम असेल तर पाचट आणि बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या बघून रस्ता ठरवा. घाट, बायपास आणि समृद्धी महामार्ग यांपैकी कुठेही नाही. समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे, आणि चारचाकीनेही तिथे पुन्हा पुन्हा वेग पाडणं म्हणजे मागच्याला आमंत्रण.

हेल्मेट घाला, मागे कोणी बसवू नका. प्रत्येक ब्रेकआधी आरशात बघा.

पहिली फेरी, हलक्या हाताने. ताशी ३० वरून १० पर्यंत, फक्त पुढच्या ब्रेकने, हळूच दाबून, आठ-दहा वेळा. दोन ब्रेकच्या मध्ये दोनशे-तीनशे मीटर मोकळं चालवा, म्हणजे डिस्कला वारा लागेल. पूर्ण थांबायचं नाही.

दुसरी फेरी, मध्यम. ५० वरून १५ पर्यंत, आठ-दहा वेळा. दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा ठेवा. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर लिव्हरखाली फरक जाणवायला लागतो, तेवढ्याच दाबाला गाडी लवकर थांबते.

तिसरी फेरी, ठाम. ६० वरून १५ पर्यंत, चार-पाच वेळा, पण चाक जाम होणार नाही आणि एबीएस धडधडणार नाही इतकंच. थोडा जळका वास आला तर घाबरू नका. धूर दिसला किंवा लिव्हर खोल जायला लागला तर तिथेच थांबवा आणि ब्रेक न लावता गाडी चालवत राहा.

मागेही डिस्क असेल तर तिच्यासाठी पहिल्या दोन फेऱ्या वेगळ्या करा, आणखी हलक्या दाबाने. मागचं चाक लवकर घसरतं. ज्या गाड्यांत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, त्यांत पुढच्या डिस्कसाठी हाताचा लिव्हरच वापरा. पॅड सिंटर्ड म्हणजे धातूच्या भुकटीचे असतील तर तिसऱ्या फेरीत दोन-तीन ब्रेक जास्त लागतात. साध्या ऑर्गॅनिक म्हणजे राळेने बांधलेल्या पॅडचं काम कमी उष्णतेत होतं. पुडक्यावर कंपनीने वेगळी रीत छापली असेल तर ती माझ्या आकड्यांपेक्षा वरची माना.

> सगळ्यात महागात पडणारी चूक: तिसरी फेरी संपली की लोक गाडी थांबवतात आणि सवयीने लिव्हर धरून उभे राहतात. तापलेला पॅड त्या एकाच जागी डिस्कवर छापला जातो. नंतर प्रत्येक फेऱ्याला तो ठिपका पॅडखाली आला की लिव्हरला धक्का बसतो. फेऱ्या संपल्यावर पाच-दहा मिनिटं ब्रेक जवळपास न लावता गाडी चालवा, गिअर उतरवत वेग कमी करा आणि सपाट जागी स्टँडवर लावा. लिव्हर मोकळा सोडा.

मग अर्धा तास हात लावू नका. डिस्क लवकर निवावी म्हणून पाणी ओतणं तर बिलकूल नाही. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती खरोखर वाकू शकते. शेतातून आल्या आल्या चाकावर नळी धरायची सवय असेल तर तीही सोडा.

थंड झाल्यावर डिस्क उजेडात बघा. चांगली सेट झालेली डिस्क सगळीकडे सारखी, किंचित निळसर-राखाडी दिसते आणि टप्पा ४ मधल्या बारीक रेघा त्या थराखाली पुसट होतात. एखाद्याच भागात गडद डाग आणि बाकी कोरं दिसलं तर दुसऱ्या दिवशी दुसरी फेरी पुन्हा करा. तेवढ्याने बहुतेक वेळा काम होतं.

तरीही अडचण राहिली तर

ब्रेक लावताना ची-ची आवाज येत असेल तर आधी स्प्रिंग-क्लिप आणि पत्र्यामागचं ग्रीस बघा, मग पॅडचा चेहरा. चमक आली असेल तर काच किंवा सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून पॅड त्यावर हलकेच घासा, डिस्क पुन्हा पुसा आणि फेऱ्या पहिल्यापासून करा.

पॅडला तेल लागलं असेल तर मात्र वाचवायचा प्रयत्न सोडा. बर्नरवर धरून तेल जाळायची पद्धत गॅरेजमध्ये चालते. वरचं तेल जळतं, आतलं राहतं आणि पुढच्या वेळी तापलं की वर येतं. शिवाय मसाला पत्र्यापासून सुटू शकतो. पॅडचा जोड दवाखान्याच्या बिलापेक्षा स्वस्त आहे.

ब्रेक सोडल्यावरही चाक जड फिरत असेल तर टप्पा ३ कडे परत जा.

चारचाकीत काय वेगळं

तत्त्व तेच. फरक वजनाचा आहे, म्हणून सुरक्षिततेपासून सुरुवात करा. काळ्या मातीच्या अंगणात जॅक खचतो. फरशी किंवा काँक्रीटवर काम करा, नाहीतर जॅकखाली जाड फळी ठेवा. उरलेल्या चाकांना दगड लावा आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवा. विटांवर टेकवू नका, वीट भार येताच फुटते.

कारची डिस्क बिडाची असते, ती एका रात्रीत तांबूस गंज धरते. तो वरवरचा गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो, त्याला घाबरायचं कारण नाही. नवी डिस्क बसवत असाल तर हबची (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाची) सपाट बाजू तारेच्या ब्रशने साफ करा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर नवी डिस्कही वाकडी फिरते. चाकाचे नट समोरासमोरचे असे आलटूनपालटून आवळा.

मागच्या डिस्कच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर त्यातले बरेच पिस्टन फिरवून आत घालायचे असतात. दाबून घातले तर यंत्रणा मोडते. बटणाचा हँडब्रेक असेल तर तो आधी सर्व्हिस मोडवर न्यावा लागतो. हे जमत नसेल तर मागचं काम मिस्त्रीकडे द्या.

पेडल कडक होईपर्यंत दाबल्याशिवाय गाडी गिअरमध्ये टाकू नका. मग ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा मध्यम ब्रेक, थोडं मोकळं चालवून ८० वरून २० पर्यंत पाच-सहा ठाम ब्रेक, आणि दहा मिनिटं थंड होण्यासाठी सलग चालवणं. गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर

फार जोराचा ब्रेक लागणार नाही असं अंतर ठेवून चालवा. पोती, दुधाचे कॅन, ट्रिपल सीट टाळा. तुळजापूरला किंवा वेरूळ-खुलताबादच्या चढउताराला जायचं असेल तर पॅड किमान आठवडाभर आधी बदला, आदल्या संध्याकाळी नको.

वॉशिंग सेंटरवर गाडी दिलीत तर पोराला आधीच सांगा, खालून डिझेलचा फवारा नको आणि टायरला पॉलिश मारताना डिस्क झाकायची. तो विसरतो, म्हणून समोर उभे राहा. धुऊन बाहेर पडल्यावर पहिल्या शंभर मीटरमध्ये ब्रेक दोन-तीनदा हलकेच दाबून डिस्क कोरडी करून घ्या. शंभरेक किलोमीटर झाले की कॅलिपरचे बोल्ट, ऑइलची पातळी आणि दोन्ही पॅडची जाडी एकदा बघून घ्या.